थबकलेलं बोट

सभागृहात कोणीच बोलत नव्हतं.

वाक्य संपवून संघमित्रा भालेराव उत्तराची वाट पाहत उभी राहिली, तेव्हा प्रथम तिला वाटलं, मंडळी विचार करत असतील. पण विचार करणाऱ्यांची शांतता अशी नसते. तिच्यात कुणी पेनाचं टोपण उघडमीट करतं, कुणी खुर्चीत रेलतं. डोळस माणसांच्या शांततेचे तिने लहानपणापासून प्रकार पाडून ठेवले होते. कंटाळ्याची, दयेची, जेवणाची वेळ झाल्याची. ही त्यांतली कोणतीच नव्हती. सगळे जण एकाच गोष्टीकडे पाहत होते आणि ती गोष्ट तिच्या पाठीमागे होती.

"मित्रा, मघाचा मुद्दा पुन्हा सांगतेस?" पहिल्या रांगेतून डॉ. चित्रा केळुसकर म्हणाल्या. त्या तिच्या मार्गदर्शक. एरवी दणदणीत असणारा त्यांचा आवाज आज चवड्यांवर चालत आला.

"धरण तुडुंब भरलं की काही काळ भोवतालची जमीन गप्प होते," मित्रा म्हणाली. "मोजणीच्या प्रणाल्या ज्यांना कचरा समजून सोडून देतात, ते अतिसूक्ष्म हादरेसुद्धा त्या काळात थांबतात. पडद्यावरच्या भूकंपलेखाचा मधला भाग पाहा. रेषा जवळजवळ सपाट आहे. माझा प्रबंध या सपाट रेषेवर उभा आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं. बाहेरगावाहून आलेले परीक्षक खाकरले.

"मिस भालेराव," ते म्हणाले, "मधल्या भागात रेषा सपाट नाही. रेषा दिसतच नाही. इतके हादरे आहेत तिथे, की नुसता काळा पट्टा झालाय."

मित्राने हातातल्या स्पर्शपटावर बोट ठेवलं. पटावर तोच लेख उठलेला होता. डावीकडून उजवीकडे ती सावकाश सरकली, मधल्या भागात आली. बोटाखाली तळ्याच्या पाण्यासारखं शांत, गुळगुळीत, निर्लज्ज काहीतरी होतं.

*

घडलं होतं एवढंच, की परीक्षकांना लांबून नीट दिसावं म्हणून केळुसकरबाईंनी ऐन वेळी मित्राच्या पटावरून उतरवलेल्या फाइलऐवजी वेधशाळेच्या संग्रहातला मूळ लेख पडद्यावर लावला. दोन्ही एकच, या समजुतीने. मित्राचीही समजूत तीच होती.

"परीक्षकांनी मुदत दिलीय," आपल्या खोलीचं दार लावत बाई म्हणाल्या. "नापास केलेलं नाही. चहा घे."

"नको."

"अगं, रागाने चहा कशाला सोडतेस? त्याने काय केलंय?"

"मॅडम, तो मूळ लेख मला कागदावर हवा. फुगणाऱ्या."

भांडारात ते जुनं यंत्र धूळ खात पडलं होतं. विशिष्ट कागदावर काळ्या शाईने आकृती छापायची, कागद यंत्रातून तापवून काढायचा. शाई जिथे असेल तिथे कागद भाकरीसारखा टम्म फुगतो. स्पर्शपट आल्यापासून त्याला कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी स्वतः ते पुसलं, चालू केलं. करपल्याचा वास सुटला. गरम कागद मित्राच्या हातात आला, आणि मधल्या भागात तिचं बोट शिरलं ते जणू वारुळात. कण कण हलत होता. एकाला दुसरा लगटून, दुसऱ्यावर तिसरा चढून. कुठे किंचित विसावा, पुन्हा झुंबड. तीन वर्षं ज्या मौनावर तिने पानांमागून पानं लिहिली, ते मौन नव्हतंच. जमीन त्या काळात सर्वांत जास्त बोलत होती.

"हा नुसता परिसराचा गोंगाटही असू शकेल," बाई तिची समजूत घालू लागल्या. "वारा, सांडव्याचं पाणी, रस्त्यावरची वाहनं. सूक्ष्म हादरा आणि गोंगाट वेगळा कसा ओळखायचा ते तुला येतंच. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात 'गोंगाट' म्हणून आख्खं प्रकरण आहे."

"त्या पुस्तकात असं प्रकरण नाही."

"नाही कसं? मी वीस वर्षं शिकवतेय ते. भयंकर किचकट आहे, मुलं रडकुंडीला येतात."

"पट यायच्या आधी कौस्तुभने वाचून दाखवलंय मला ते पुस्तक. पहिल्या पानापासून."

"मग आवृत्ती वेगळी असेल," बाई म्हणाल्या, आणि चहाचा कप तिच्या हाताशी सरकवला.

*

स्पर्शपट म्हणजे वहीएवढी काचेची पाटी. तिच्यावर कातडीसारखा पातळ पापुद्रा, आणि पापुद्र्याखाली एक द्रव. विजेचा दाब पडला की हा द्रव क्षणात घट्ट होतो, दाब सरला की पुन्हा वाहू लागतो. असंख्य बारीक बिंदूंवर हा दाब कमीजास्त करून पाटीवर ब्रेलची अक्षरं उठवता येत, नकाशे उठवता येत, केसाहून बारीक रेषा उठवता येत. बोटाच्या टोकाची कातडी डोळ्याला न दिसणारे उंचवटे ओळखू शकते. पटाने त्या कातडीला प्रथमच तिच्या तोलामोलाचं काम दिलं. त्याआधी राज्यातल्या अंध विद्यार्थ्यांच्या हाती ब्रेलमधलं पुस्तक पडेपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असे, कधी कधी अभ्यासक्रमच बदललेला असे. आता इतरांना पुस्तक मिळे त्याच सकाळी त्यांनाही मिळू लागलं.

पण नुसतं मिळून भागत नव्हतं. डोळा पान एका झेपेत उचलतो; बोटाला ते पायी चालावं लागतं. म्हणून पटामध्ये 'सौम्य' नावाची प्रणाली होती. बोट कुठे भरभर जातं, कुठे रेंगाळतं, कुठून मागे वळतं, हे ती टिपून घेई आणि त्याप्रमाणे पान जुळवून देई. अक्षरांमधलं अंतर वाढवते, ठिपके ठळक करते, एवढंच तिच्याविषयी मित्राला ठाऊक होतं. प्रत्येक वाचक वेगळा, पण आरंभाला एक नमुना लागतो. सौम्यला वाचन म्हणजे काय हे ज्या हाताने प्रथम शिकवलं, त्याला 'मूळ हात' म्हणत. दर वर्षी द्रव थोडा सैलावे, म्हणून दर वर्षी सत्राच्या तोंडावर मूळ हाताची नवी नोंद घेऊन राज्यभरचे पट त्याच्याशी जुळवून घ्यावे लागत. पट घडवणाऱ्या प्रयोगशाळेत त्या दिवसाला 'हात देण्याचा दिवस' असं नाव पडलं होतं. पेढे वाटत. तो दिवस उद्यावर आला होता.

आणि मूळ हात संघमित्रा भालेरावचा होता.

त्या दुपारी वसतिगृहाच्या खोलीत तिने फुगलेला कागद एका बाजूला ठेवला, पट दुसऱ्या बाजूला, आणि एक साधा प्रयोग केला. तिने पटावर एक जुना, ठसठशीत भूकंप उघडला, ज्याच्याबद्दल कुणाचंही दुमत होणार नाही असा. त्याच्या शिखरावर बोट ठेवून ती थांबली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा थांबली. एखाद्या आवडत्या ओळीवर थांबावं तशी. मग लेख बंद करून पुन्हा उघडला. शिखर किंचित खाली आलं होतं. तिने पुन्हा तसंच केलं. आणखी खाली. दिवेलागणीच्या सुमारास खालच्या मजल्यावर जेवणाची घंटा झाली, तेव्हा तिने निव्वळ लक्ष देऊन एक भूकंप विझवला होता.

थबकलं म्हणजे अडलं, असं कुणीतरी सौम्यला शिकवलं होतं. अडलेली जागा ती पुढच्या वेळी सपाट करून देई. आणि मित्रा तर त्या मधल्या काळावरच तीन वर्षं थबकली होती. पहिल्यांदा तिथे तिला काहीतरी भुरभुरताना लागलं म्हणून ती थांबली. थांबली म्हणून ते कमी झालं. कमी का झालं याचं नवल वाटून ती आणखी थांबली. जिथे तिने जीव ओतला, तिथेच यंत्राने पोतेरं फिरवलं. तिचा शोध म्हणजे तिच्याच बोटाची सावली होती.

तिने पट पालथा घातला. मग एक दुसरा विचार आला. भूकंपलेख हे तिच्या एकटीच्या वाचनातलं. पण बाकीच्या पोरांना जे मिळतं, ते तिच्या हाताने शिकवलेलं.

*

शबाना मुजावर कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. जयसिंगपूरची, तोंडाने फटकळ, जन्मापासून अंध. मित्राने तिला फोन करून सांगितलं, तुझ्या पटावर कालचा धडा उघड, आणि खोलीतल्या मैत्रिणीला छापील पुस्तक घेऊन शेजारी बसव. दोघींनी एक एक वाक्य ताडून पाहायचं.

बराच वेळ फोनवर पुटपुट ऐकू येत राहिली. मैत्रीण वाचायची, शबाना 'हां' म्हणायची. मग 'हां' येईनासा झाला.

"ताई," शबाना म्हणाली, "हितं पाच न्यायमूर्ती हायत म्हणे."

"मग?"

"माझ्यात तिघंच हायत. दोघांनी वेगळा निकाल लिवलाय. विरुद्ध. माझ्यात तो न्हाईच." ती हसू लागली. तिचं हसू आवरेना. "आणि मी मागच्या परीक्षेला काय लिवून आले ठावं हाय? 'न्यायालयाने एकमताने निर्णय दिला.' एकमताने! सरांनी लाल शाईत एवढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं असंल आणि ते बी मला कुणी वाचून दावलं न्हाई."

"शबाना, ऐक. हे सगळ्यांच्याच पटावर होत असणार. मी उद्या—"

"उद्या काय करणार?" हसू एकदम थांबलं. "बंद पाडू नका हां, ताई."

"तुला अर्धा कायदा शिकवताहेत ते चालतं?"

"चालत न्हाई. पण तुमच्या वेळंला काय मिळायचं? तुमीच सांगितलंय. उसनी टेप, आणि दुसऱ्याची मर्जी. मला मर्जी सांभाळायला जमत न्हाई, तोंड वंगाळ हाय माझं. परीक्षा पुढच्या म्हैन्यात आलीय. अर्धा तर अर्धा, वेळंवर तरी येतोय." क्षणभराने ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दोघांनी काय लिवलं हुतं ते मातर आज रातीत वाचून घेते हिच्याकडनं. ही बया झोपाय लागलीय आत्ताच. ए, उठ की!"

फोन ठेवल्यावर मित्रा बसून राहिली. राग कुणावर धरावा हेही धड उमगत नव्हतं. चुकीच्या माणसांचा राग यावा अशी सोय जगाने ठिकठिकाणी करून ठेवलेली असते. शबाना चुकीचं बोलत नव्हती. आणि तिचं बरोबर असणं मित्राला काट्यासारखं सलत होतं.

*

कौस्तुभ रेडकर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा वाचक म्हणून आला. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या स्वयंसेवकांना विद्यापीठात वाचक म्हणत. बहुतेक जण पावती फाडल्यासारखं वाचत आणि घड्याळ पाहत. कौस्तुभ तसा नव्हता. ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात, बुचाच्या झाडाजवळच्या बाकावर बसून तो खडकांची नावंसुद्धा अशी उच्चारी, की ती हातात घ्यावीशी वाटत. मधूनच तो थांबे. पान उलटल्याचा आवाज येई, कधी जरा दाट, दोन पानं एकदम उलटल्यासारखा. मित्राला वाटे, घसा कोरडा पडला असेल. म्हणून ती येताना पाण्याची बाटली आणू लागली. तो थांबला की ती बाटली पुढे करी, तो घोटभर पिई आणि पुढे वाचू लागे. प्रेम म्हणावं असं त्यांच्यात काही बोललं गेलं नाही. एक बाटली दोघांत होती, एवढंच. पुढे त्याने स्पर्शपट घडवला, तेव्हा समारंभात तो म्हणाला होता, मला एका मुलीला वाचून दाखवायचं होतं, आणि माझा आवाज पुरत नव्हता.

हात देण्याच्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली, तेव्हा पेढ्यांचा पुडा उघडलेला होता. बाकीची मंडळी बाहेरच्या दालनात होती. आतल्या खोलीत नोंदणीचा मोठा पट मंद गुणगुणत होता.

"बस," कौस्तुभ म्हणाला. "केळुसकरबाईंचा फोन आला होता. मित्रा, मला फार वाईट वाटतंय."

"तुला माहीत होतं?"

"भूकंपलेखाचं नव्हतं. शपथेवर. आकृत्यांवर ते इतकं चालेल असं वाटलंच नव्हतं."

"आणि वाक्यांवर?"

"वाक्यांवर ते चालावं असंच रचलंय. पहिल्या वर्षी मी सगळं जसंच्या तसं दिलं होतं. पोरं तिसऱ्या पानावर पट मिटून ठेवायची. मागे टाकायची अभ्यास. सौम्य लावलं आणि ती पुस्तक शेवटपर्यंत वाचू लागली. पास होऊ लागली, मित्रा. मी त्यांचं काय वाईट केलं?"

"शबानाच्या पुस्तकातून दोन न्यायमूर्ती काढलेस."

"मी नाही काढले. प्रणालीने—"

"प्रणालीला कुणी शिकवलं, थांबणं म्हणजे अडणं? माझा हात वापरलास ना? मग माझा हात थांबत होता तेव्हा मला विचारायचं होतंस. मी आवडलं म्हणून थांबते. पटलं नाही म्हणून थांबते. कधी नुसती थांबते. डोळस माणूस पानावर नजर लावून बसला की तो विचारवंत, आणि मी बोट ठेवून बसले की मंद?"

"असं कुणी म्हटलेलं नाही."

"म्हणायला कशाला हवं! पान बोलतंय ना."

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. पेढे संपत आल्याचा गलका झाला.

"हे बघ," कौस्तुभ जवळ येऊन खुर्चीवर बसला. "तुझ्या पटावरून मी आत्ता सौम्य काढून टाकतो. कायमचं. तुला मूळ लेख मिळतील, मुदत आहे, तू प्रबंध नव्याने लिहिशील, पहिल्यापेक्षा चांगला लिहिशील. पण सगळ्यांचं काढायचं तर प्रणालीला नव्याने शिकवावं लागेल. परीक्षा तोंडावर आलीय. गोंधळ झाला तर वरची समिती टपलेलीच आहे, प्रकल्प गुंडाळतील. मग सगळे पुन्हा टेप उसन्या मागत फिरतील. तू आज हात दे. पुढच्या वर्षी आपण शांतपणे करू."

त्याचं म्हणणं मुद्देसूद होतं. त्याचं म्हणणं नेहमीच मुद्देसूद असे. मित्राला आजोबा आठवले. गावाबाहेरच्या वस्तीत त्यांनी पत्र्याच्या खोलीत वाचनालय काढलं होतं आणि आंधळ्या नातीला खांद्यावर घेऊन ते तिच्याकडून कपाटातली पुस्तकं मोजून घेत. पुस्तक उघडताना कुणाला विचारायचं नसतं, एवढी एकच शिकवण त्यांनी दिली. उघडल्यावर आत काय उरलेलं असेल, हे विचारायला हवं, असं त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

"मला एकटीला नको," ती म्हणाली. "आणि बंदही करू नकोस. एकच कर. जिथे गाळशील, तिथे खूण ठेव."

"कसली खूण?"

"एक ठिपका. खडबडीत, वाळूच्या कणासारखा. इथे काहीतरी होतं, एवढंच सांगणारा. ज्याला हवं असेल तो त्यावर दाबेल आणि मूळ मजकूर वर येईल. ज्याला नको असेल तो पुढे जाईल. हे करायला प्रणालीला नव्याने शिकवावं लागत नाही. गाळते तेव्हा तिला माहीत असतंच, काय गाळलं ते."

कौस्तुभ कडवट हसला. "एक ठिपका? मित्रा, काही पानांवर ठिपक्यांशिवाय काही उरणार नाही. काट्यांचं रान होईल. पोरं घाबरतील."

"घाबरू देत. रान आहे हे कळू दे तरी."

"आणि समिती विचारेल, इतकी वर्षं एवढं गाळत होतात?"

"विचारेल."

तो उठला, खोलीत येरझारा घालू लागला. मित्राने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंफून घेतले. समोरचा पट तिच्या बोटांची वाट पाहत गुणगुणत होता.

"खुणेशिवाय हात मिळणार नाही," ती म्हणाली. "आणि तू खूण ठेवलीस किंवा नाही ठेवलीस, आज मी सगळ्यांना कळवणार आहे. शबानाला कळवलंय. ती माझ्यापेक्षा जास्त ओरडते."

"ठीक आहे." त्याचा आवाज थकलेला होता. "ठेवू खूण. प्रयत्न करतो. आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. ती इथे आली होती ते एवढ्यासाठीच, आणि एवढं मिळालंही होतं. आता हात पुढे करायचा, पट जुळवून द्यायचा, पेढा खायचा. पण तिचं मन त्या करपल्या वासाच्या कागदावरून हललं नव्हतं. आणि कागदाच्या जरा पलीकडे, जिथे केळुसकरबाईंनी चहाचा कप सरकवला होता, तिथे ते थबकलं होतं.

"कौस्तुभ," ती म्हणाली, "दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात 'गोंगाट' नावाचं प्रकरण आहे."

येरझारा थांबल्या.

"किचकट आहे म्हणे. मुलं रडकुंडीला येतात." तिने स्वर शक्य तितका साधा ठेवला. "बुचाच्या झाडाखाली तू मला ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवलंस. मी थकलेय असं तुला वाटायचं तेव्हा तूही गाळायचास का?"

पटाची गुणगुण चालू होती. बाहेरचे आवाज ओसरले होते. मित्राने मान वळवली नाही. तिला त्याची गरज नव्हती.

कौस्तुभची पावलं निघाली. खुर्चीला वळसा घालून, टेबलाच्या कडेने, सावकाश. दारापाशी येऊन ती थबकली.

मित्राच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. सवयीने आणलेली. एरवी अशा थांबण्यावर तिचा हात आपोआप पिशवीकडे जात असे. आज तो मांडीवरच राहिला.

दार उघडलं. पावलं पुढे गेली.